शस्त्रकाराचा दोष : एका ख्रिस्ती विवादाचे स्वरूप

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द सैनिकाच्या तलवारीस लागतो, तसाच सुताराच्या पटाशीसही लागतो. लोकसमजुतीने त्याचे नाते हत्येशी जोडले जात असले, तरी मुळात ते हाताशी आहे. शस्त्र घडविणाऱ्या ख्रिस्ती मनुष्यावर त्या शस्त्राने होणाऱ्या वधाचा दोष कितपत येतो, या जुन्या प्रश्नाची अडचण या द्व्यर्थी शब्दात नेमकी सापडते. ख्रिस्ती मनुष्याने सैनिक व्हावे की नाही, हा प्रश्न निराळा. त्यावर विपुल लेखन झाले आहे. लोहार, कारखानदार आणि कामगार यांची बाजू मात्र त्या मानाने उपेक्षित राहिली.

तेराव्या शतकात तॉमस अक्वायनसने आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात या बाजूचा विचार केला. पण ज्या स्थळी तो केला आहे ते अनपेक्षित आहे. स्त्रियांनी नटण्यात पाप आहे काय, या चर्चेत अलंकार घडविणाऱ्या कारागिरांचा विषय निघतो आणि त्या ओघात तलवारी व बाण येतात. ज्या वस्तूचा पापावाचून उपयोगच संभवत नाही ती घडविणे हेही पाप होय. मूर्तिपूजेसाठी घडविलेली मूर्ती हे त्याच्या दृष्टीने याचे उदाहरण. ज्या वस्तूचा उपयोग बरा आणि वाईट असा दोन्ही प्रकारे होऊ शकतो, ती घडविण्यात मात्र दोष नाही. तलवार या दुसऱ्या वर्गात पडते, कारण न्याय्य युद्धाची कल्पना अक्वायनसला मान्य होती. एखाद्या कलेच्या कृतींचा बहुधा दुरुपयोगच होत असेल, तर राज्यकर्त्याने ती नगरातून हद्दपार करावी, अशी प्लेटोच्या आधारे त्याने पुस्तीही जोडली आहे. म्हणजे दोषाचा निर्णय वस्तूच्या संभाव्य उपयोगावरून होतो. आपली वस्तू कोणाच्या हाती जाणार हे कारागिराला ठाऊक असेल तर काय, या प्रश्नाला तेथे जागा नाही.

ही उणीव बर्मिंगहॅम येथील एका प्रकरणात उघड झाली. सॅम्युअल गाल्टन हा तेथील मोठा बंदूक-कारखानदार, ल्यूनर सोसायटी या विद्वन्मंडळाचा सभासद आणि जन्माने क्वेकर होता. क्वेकर पंथ युद्धमात्र निषिद्ध मानतो. तरीही गाल्टन घराण्याचा हा धंदा सुमारे सत्तर वर्षे पंथाच्या डोळ्यांदेखत चालला होता. १७९३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध सुरू झाल्यावर १७९५ साली पिता आणि पुत्र दोघांसही समज देण्यात आली. वडिलांनी व्यवसायातून अंग काढून घेतले. मुलाने आपले समर्थन लेखी मांडले.

ते समर्थन केवळ स्वार्थाचे म्हणून बाजूस सारण्याजोगे नाही. शस्त्र घडविणे म्हणजे आक्रमक युद्धास संमती देणे नव्हे, असे तो म्हणतो. जव पेरणारा शेतकरी आणि मद्य गाळणारा भट्टीवाला मद्यप्याच्या दुराचारास जबाबदार आहेत काय, असेही तो विचारतो. पण त्याचा खरा मर्मभेदी मुद्दा पुढचा आहे. युद्धासाठी वसूल होणारे कर क्वेकर भरतात. गुलामांच्या श्रमाने पिकलेली साखर, तंबाखू आणि कापूस वापरतात. मग एकट्या बंदूकवाल्यासच पंथाबाहेर काढण्याचे कारण काय? १७९६ मध्ये पंथाने त्याचे सभासदत्व काढून घेतले. या प्रश्नाला मात्र समाधानकारक उत्तर दिले असे म्हणता येत नाही.

तथापि जवाचा दृष्टान्त लंगडा आहे. पीक कोणाच्या घशात जाईल हे शेतकऱ्याला ठाऊक नसते. गाल्टनच्या बंदुका आफ्रिकेच्या व्यापारात जात होत्या, आणि तेथे बंदुकांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वस्तूच्या दुहेरी उपयोगाचा आश्रय घेता येत नाही.

भारतीय वाचकास येथे योगसूत्रांतील कृत, कारित आणि अनुमोदित या हिंसेच्या त्रिविध विभागणीचे स्मरण होईल. शस्त्रकार स्वतः मारीत नाही, मारवीतही नाही. गाल्टनचा सारा युक्तिवाद आपण अनुमोदकही नाही हे दाखविण्यासाठी होता. साधन पुरविणाऱ्यास या तिहींत स्वतंत्र नाव नाही, ही बाब भाषेच्या अभ्यासकास सूचक वाटावी. असो.

विसाव्या शतकात अणुबाँबने अक्वायनसचाच नियम उलटा फिरविला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण नगरांच्या सरसकट संहाराचा निषेध केला. ज्या अस्त्राचा असा संहार हाच उपयोग, ते तलवारीच्या वर्गातून उठून मूर्तीच्या वर्गात जाते की नाही? टेक्सासमधील अमॅरिलो शहराजवळ पँटेक्स कारखान्यात अमेरिकेच्या अण्वस्त्रांची अंतिम जुळणी होते. ऑगस्ट १९८१ मध्ये, न्यूट्रॉन बाँबच्या उत्पादनाचा निर्णय जाहीर झाल्यावर, तेथील कॅथलिक बिशप लेरॉय मॅथिसन यांनी कामगारांना आपल्या कामाचा विचार करावा, ते सोडून शांततेची कामे शोधावीत, असे आवाहन केले. बिशपांचा अधिकार मानणाऱ्या कित्येक कुटुंबांचे पोट त्या कारखान्यावर होते. आवाहनाला प्रतिसाद अल्प मिळाला.

उत्तर देणे कठीण झाले ते प्रतिरोधाच्या कल्पनेमुळे. अस्त्र न वापरता केवळ धाकासाठी बाळगणे हा ‘उपयोग’ मानला, तर तो निर्दोष असू शकतो. अमेरिकन बिशपांच्या १९८३ च्या पत्राने असा धाक सशर्त स्वीकारला. कारखाना सोडणाऱ्यास पाठिंबा मिळावा आणि राहणाऱ्यासही आपले काम सतत पारखण्यात मार्गदर्शन मिळावे, एवढ्यावर ते थांबले. नोव्हेंबर २०१९ मध्ये हिरोशिमा येथे पोप फ्रान्सिस यांनी अण्वस्त्रे बाळगणे हेही अनैतिक ठरविले, तेव्हा तो आधार निसटला. तरीही कामगाराचे स्थान संदिग्धच आहे. कारण पँटेक्समध्ये अस्त्रे जुळविली जातात, तशी निवृत्त झालेली अस्त्रे सुटीही केली जातात, आणि दोन्ही कामांस लागणारे कसब एकच आहे.