जखमी कणा आणि घराचा ताळेबंद

वऱ्हाडातील एखाद्या खेड्यात चिंचेच्या झाडावरून, घराच्या माळवदावरून किंवा विहिरीत मूल पडते, त्याचा कणा दुखावतो आणि कमरेखालचे अंग लुळे होते. अशा वेळी प्रथम प्रश्न उभा राहतो तो रुग्णालयातील खर्चाचा. या खर्चाची काही तरतूद आता झाली आहे. २०१२ साली शासनाने जी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तिच्या पहिल्या टप्प्यातच अमरावती जिल्हा होता. हीच योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. अकोल्यात २००२ पासून आणि अमरावतीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि या आजाराचा खरा खर्च मूल घरी परतल्यावर सुरू होतो, आणि तो शासनाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

मज्जारज्जूला इजा झाली म्हणजे केवळ पाय जातात असे नव्हे. लघवी व शौच यांवरील ताबा सुटतो, त्वचेची संवेदना नष्ट होते. मुलांच्या बाबतीत अडचण अधिक आहे. त्यांच्या मणक्यांची माळ लवचीक असते, आतील मज्जारज्जू तितका लवचीक नसतो. त्यामुळे क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसूनही मज्जारज्जू दुखावलेला असू शकतो, हे पँग व विल्बर्गर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९८२ मध्ये दाखवून दिले. पुढे मूल वाढते तसा कणा वाकू लागतो, खुब्याचा सांधा निखळू शकतो. म्हणजेच वाढ पूर्ण होईपर्यंत वर्षानुवर्षे देखरेख हवी.

ही देखरेख करते कोण? बहुधा आई. दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. हे काम घरीही स्वच्छ हातांनी करता येते, असे लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये सिद्ध केल्यापासून अनेक रुग्णांची मूत्रपिंडे वाचली. परंतु त्यासाठी स्वच्छ पाणी लागते, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचीच वाण असते. रात्री मुलाची कूस बदलावी लागते, रोज त्वचा तपासावी लागते. अन्यथा शय्याव्रण होतात. मुलाला शाळेत पाठवावे तर दुपारच्या नळीसाठी आईने शाळेच्या ओसरीवर बसून राहावयाचे. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात तिची मजुरी बुडते. थोरल्या मुलीची शाळा सुटली तर तोही याच खर्चाचा भाग होय. अर्थशास्त्रात यास संधिखर्च म्हणतात. घरात यास नाइलाज म्हणतात.

मुलाचा विचार त्याच्या कुटुंबापासून अलग करता येत नाही, हे संशोधनानेही दाखविले आहे. अमेरिकेतील श्रायनर्स रुग्णालयांतील अभ्यासकांना २०११ मध्ये आढळले की, अशा मुलांमधील चिंता व खिन्नता आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्याची मनःस्थिती यांचा परस्परसंबंध असतो. अशी मुले इतरांच्या तुलनेत शाळेत कमी प्रमाणात दाखल होतात आणि दाखल झाली तरी पुढच्या इयत्तेत जाण्याची त्यांची शक्यता कमी असते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालात नमूद आहे. आपल्या २०११ च्या जनगणनेत मात्र ही मुले चलनवलनाच्या अपंगत्वाच्या एकाच रकान्यात विरून गेली.

कायद्याकडे पाहावे, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता एवढ्याच अवस्था येतात. नुसत्या मज्जारज्जूच्या इजेस तेथे स्थान नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी शुश्रूषा करणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. पण तेथेच ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी अटही आहे. ही कुवत कशी मोजावयाची, हाच खरा प्रश्न आहे. नळी व योग्य गादी न मिळाल्यामुळे मूत्रपिंड बिघडले किंवा व्रण हाडापर्यंत गेले, म्हणजे मूल पुन्हा रुग्णालयात येते व त्याचा मोठा खर्च शासनावरच पडतो. नळीचे पैसे वाचवून शस्त्रक्रियेचे पैसे मोजणे यास काटकसर म्हणता येणार नाही.

करावयाचे आहे ते अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नळ्यांचा नियमित पुरवठा, प्रशिक्षित परिचारिकेची महिन्याची घरभेट, शाळेत योग्य शौचालय व एक मदतनीस, आणि आईस भत्ता. अकोला व अमरावती येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी अशा मुलांची नोंदवही ठेवून त्यांच्या कुटुंबांच्या खर्चाचा व बुडालेल्या मजुरीचाही अभ्यास करावा.

अशा मुलांवरील खर्च वाया जात नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. नसीमा हुरजूक यांना किशोरवयातच कमरेखालचा लुळेपणा आला. तरी त्यांनी शिक्षण घेतले, केंद्र सरकारची नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. परतवाड्याजवळील वझ्झर येथे अनाथ दिव्यांग मुलांचा सांभाळ करणाऱ्या शंकरबाबा पापळकरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण ज्या मुलांना आई आहे, त्यांच्या आईचे काय? तिला गौरव नको आहे. बुडालेल्या दिवसाची मजुरी आणि दुपारी शाळेत नळी घालणारा एक विश्वासू हात, एवढे मिळाले तरी ते घर सावरेल.