टोपी उडवून फुलणारी निलगिरी

मसाल्याच्या डब्यातली एक लवंग तळहातावर घ्या. चार टोकांच्या मधोमध जी गोल गोळी दिसते, त्या न उमललेल्या पाकळ्या. कळी झाडावरच राहिली असती, तर ही गोळी टोपीसारखी गळून आतून केसरांचा झुबका बाहेर पडला असता. निलगिरी याच घराण्यातली. जांभूळ आणि पेरूही तिचे भाऊबंद. तिची कळीही अशीच टोपी उडवून फुलते. १७८८ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी ‘युकॅलिप्टस’ हे नाव दिलं ते त्या टोपीवरूनच. ग्रीकमध्ये अर्थ ‘नीट झाकलेलं’. आपण मात्र तिला ज्या डोंगरावर लावली, त्या डोंगराचंच नाव देऊन टाकलं!

निलगिरी म्हटलं की आठवतं बांधावरचं सरळसोट झाड आणि सर्दीत रुमालावर टाकलेले तेलाचे दोन थेंब. पण अंगणात शोभेल अशीही एक आहे: कोरिंबिया फिसिफोलिया. टास्मानियातली तिची एक नातलग शंभर मीटरला भिडते, ही बहुधा दहा मीटरच्या आतच राहते. लाल, केशरी, गुलाबी असे तिचे रंग, आणि तो सगळा रंग केसरांचा. १९९५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला युकॅलिप्टसमधून काढून वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. लाल झाडाचं बी लालच फुलेल याचा भरवसा नाही, म्हणून कलमच घ्यावं.

वाशीमला ती रुजेल? इथे जरा जपून. तिच्या माहेरी, नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियात, पाऊस हिवाळ्यात पडतो. आपल्याकडे तो मृगात येतो, आणि काळी माती ते पाणी धरून बसते. कपाशी-सोयाबीनला हीच माती मानवते, पण फिसिफोलियाची मुळं तीत कुजतात. मला विचाराल तर ‘समर रेड’ हे संकरित कलम बघा. त्याचा दुसरा पालक, कोरिंबिया टिकोकार्पा, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ओढ्याकाठचा. तिथला पाऊस आपल्यासारखाच उन्हाळ्यामागून येतो. तरीही जागा मुरमाड आणि उताराची हवी. सगळी काळीच जमीन असेल तर मुरूम घालून उंचवटा करा आणि त्यावर लावा.

रोप गुडघ्याएवढं पुरे. पिशवीत मुळं गोल फिरलेलं उंच रोप फसवं असतं. ती मुळं पुढेही तशीच वळत राहतात आणि ऐन वादळात झाड आडवं होतं. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी द्या. छाटणी बहर ओसरल्यावर लगेच. विहीर आणि घराची भिंत यांपासून दूर लावा. आणि कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या माळावर तर मुळीच नको, तिथे गवतच राहू द्या.

बहर आला की सकाळी आधी खाली बघा. जमिनीवर इवल्या इवल्या टोप्यांचा सडा पडलेला असेल, आणि वर मधमाश्यांची झुंबड.