ड्रॉवरमधल्या सह्या
(लेखांक ७)

या आठवड्यात बॅकअपकडे वळायचं ठरलं होतं, पण उधन्याहून एका वाचकाचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना. हे गृहस्थ मूळचे खानदेशातले. रिंग रोडवरच्या एका कापड कंपनीचे हिशेब सांभाळतात. लिहितात, "आमच्या शेठची डीएससी (डिजिटल सही) कायम सीएच्या ऑफिसात असते. पिनही तिकडेच. मी विषय काढला की शेठ म्हणतात, राहू दे रे, २० तारखेला रिटर्नच्या घाईत कुठे पळापळ करणार? यात खरंच काही धोका आहे का?"

आहे. मागच्या वेळी पाहिलेल्या फसव्या मेलपेक्षा मला हा धोका मोठा वाटतो, कारण इथे कुणाला काही फोडावंच लागत नाही.

सुरतेतल्या कितीतरी करसल्लागारांकडे असा एक ड्रॉवर असतो. उघडला की अशा डीएससींची पेनड्राइव्हसारखी दिसणारी टोकनं, पाच-पाच दहा-दहा रबरबँडने बांधलेली. प्रत्येकावर चिकटपट्टी, तिच्यावर पेढीचं नाव आणि खाली बॉलपेनने पिन. बऱ्याचदा तो १२३४५६७८ असतो, म्हणजे टोकन नवं आलं तेव्हाचाच, कुणी बदललेलाच नाही.

हे टोकन बनवणाऱ्यांनी मात्र फार विचार केलेला आहे. आत एक चिप असते. सहीची गुप्त किल्ली त्या चिपमध्येच तयार होते आणि तिथून कधी बाहेर पडत नाही. कॉम्प्युटरला व्हायरस लागला तरी ती किल्ली कॉपी करून नेता येत नाही. ठराविक वेळा चुकीचा पिन टाकला की टोकन लॉक होतं. एवढा बंदोबस्त त्या चिकटपट्टीवरच्या आठ आकड्यांनी वाया जातो.

आणि प्रश्न फक्त सहीचा नाही. आयकराच्या पोर्टलवर नोंदवलेली डीएससी हाताशी असेल तर जुना पासवर्ड ठाऊक नसतानाही नवा लावता येतो. म्हणजे टोकन आणि पिन ज्याच्या हाती, त्याच्यापुढे शेठची वर्षानुवर्षांची रिटर्न्स, बँकेतलं व्याज, शेअर्सची उलाढाल सगळं उघडं. कंपनीचा संचालक आला किंवा गेला हे कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म डीएससीनेच भरला जातो. निर्यात असेल तर रोडटेप या करपरताव्याचं क्रेडिट कस्टम्सच्या आइसगेटवर जमा होतं आणि ते दुसऱ्याच्या नावे करता येतं, म्हणजे तो सरळ पैसाच आहे.

कुणी म्हणेल, सुरतचा धंदाच विश्वासावर चालतो. महिधरपुऱ्यातून हिऱ्यांचं पाकीट आंगडिया, म्हणजे आपला खासगी कुरिअरवाला, मुंबईला नेतो, तिथे कुठे कुणी शंका घेतं? त्या विश्वासाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आंगडियाकडे जातं ते बंद पाकीट, एका खेपेपुरतं. पोचलं की व्यवहार संपला. टोकन दोन-दोन वर्षं पडून राहतं आणि त्याने रोज नवा व्यवहार करता येतो. शिवाय ड्रॉवर उघडणारे हात सीएचे नसतात. आर्टिकलची मुलं, ऑपरेटर, मार्चमध्ये जादा कामासाठी आलेला कुणी, यांच्यापैकी कुणावर शेठने विश्वास टाकलेला नसतो. त्यांची नावंही शेठला ठाऊक नसतात.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ नुसार किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी सहीच्या मालकाने घ्यायची. दुसऱ्या बाजूला, अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर देणं हे सनदी लेखापाल कायदा १९४९ प्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. बनावट सह्यांचा त्रास सीएंना स्वतःलाही झाला, म्हणून तर १ फेब्रुवारी २०१९ पासून त्यांच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर १८ अक्षरांकांचा यूडीआयएन हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. स्वतःच्या सहीला जे जपतात, त्यांनी अशिलाची सही अशी उघड्यावर का ठेवावी, हे मला आजवर उमगलेलं नाही.

नीट चालणारी ऑफिसंही मी पाहिली आहेत. तिथे टोकनं भागीदाराच्या कुलूपबंद कपाटात असतात. कुणी, कुठल्या फॉर्मसाठी, किती वाजता काढलं आणि परत ठेवलं, याची वहीत नोंद होते. पिन अशील स्वतः येऊन टाकतो. एकट्या मालकाची पेढी असेल तर बहुतेक रिटर्न्स ओटीपीवर भरतात, टोकन लागतच नाही.

उधन्याच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. जीएसटी पोर्टलवर आणि डीएससीच्या अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे? नोंदणी करताना सल्लागाराने सोयीसाठी स्वतःचाच टाकलेला असतो असं फार आढळतं. मग ओटीपी, नोटीस, पासवर्ड बदलल्याची सूचना, सगळं त्याच्याकडे जातं आणि मालकाला पत्ता लागत नाही. सल्लागार तपशील द्यायला तयार नसेल तर आपल्या विभागाच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे कागदपत्रं घेऊन गेल्यास नंबर बदलून मिळतो.

पिन बदलायला टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मिनिट लागतं. सीएशी भांडायचं कारण नाही, समोर बसूनच बदलावा. आणि टोकन हरवलं, किंवा भलत्याच फॉर्मवर आपली सही दिसली, तर आधी ज्या संस्थेने प्रमाणपत्र दिलं तिला कळवून ते रद्द करून घ्यावं. पोलिसांकडे त्यानंतर जावं, कारण तक्रार लिहून होईपर्यंत ती सही चालूच असते.

बॅकअपचा विषय पुढच्या आठवड्यात.