मोगल-पठाण : राजा नसलेली लढाई

बैठ्या खेळांचा विषय निघाला की आपल्यासमोर बुद्धिबळ उभे राहते. त्याच्या शेजारी बसण्याची योग्यता असलेला, पण खडू आणि चिंचोके एवढ्या भांडवलावर पंधरा-वीस मिनिटांत निकालात निघणारा एक देशी खेळ आहे, त्याचे नाव मोगल-पठाण. कॉलेजच्या व्हरांड्यात दोन तासांच्या मधल्या वेळात सहज बसतो म्हणून त्याची ही ओळख.

प्रथम पट आखू. एका चौकोनाची सोळा लहान घरे करा. मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण काढा आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू तिरक्या रेषांनी जोडा. मग समोरासमोरच्या दोन बाजूंच्या मध्यावर, टोक आत आणि पाया बाहेर, असा एकेक त्रिकोण काढा. प्रत्येक त्रिकोणात एक उभी व एक आडवी रेघ द्या. रेघा जेथे मिळतात ती ठिकाणे मोजली तर ३७ भरतात. प्रत्येकाचे सैनिक १६ : सहा त्रिकोणात, दहा चौकोनातील आपल्या बाजूच्या दोन ओळींत. मधली पाच ठिकाणे मोकळी, तेच रणांगण.

सैनिक रेघेवरून एक पाऊल सरकतो. शेजारी शत्रू आणि त्याच्या पलीकडचे ठिकाण रिकामे असेल तर उडी मारून त्याला उचलायचे. पुढे आणखी एखादा सापडत असेल तर त्याच दमात त्यालाही. ज्याचे सैनिक आधी संपले तो हरला.

नियम एवढेच, पण डाव भोळा नाही. पहिलेच पाऊल सरळ पुढे टाकले की मागचे ठिकाण रिकामे होते आणि समोरचा नेमका तेथेच उडी घेतो. तेच पाऊल तिरके, पटाच्या कडेला टाकले तर सैनिक सुरक्षित राहतो. पुढे जाणाऱ्याची पाठ कोण राखतो, यावर सारा खेळ उभा आहे.

याच्या जातीचे खेळ दूरवर आढळतात. स्पेनमधील कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२८३ साली सिद्ध करविलेल्या खेळांच्या ग्रंथात अशाच चौकोनावर १२ विरुद्ध १२ असा डाव वर्णिलेला आहे. आपल्याकडे त्याला नाव मिळाले ते इतिहासातील झुंजीचे. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने इब्राहिम लोदीला हरविले, १५४० मध्ये शेरशहाने हुमायूनला हुसकावले, १५५५ मध्ये हुमायून परतला. दिल्लीचे तख्त दोघांत असे फिरत राहिले.

मात्र या पटावर ना बाबर आहे ना शेरशहा. बुद्धिबळात राजा कोंडला की उरलेले सैन्य वाचते. प्रत्यक्षातही पुष्कळदा तसेच झाले. १५५६ मध्ये हेमूच्या डोळ्यात बाण लागताच त्याची फौज पांगली. १७६१ मध्ये विश्वासराव पडले आणि मराठी सैन्याचा धीर सुटला. मोगल-पठाणात शरण जायला राजाच नाही, म्हणून शेवटच्या सैनिकापर्यंत मोजदाद चालते. नाव बादशाहीचे, पण हा खेळ शिपायांचा आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. महायुद्धाच्या काळात येथे लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली आणि १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तख्तावरच्या निर्णयांत ज्यांना कोणी विचारले नाही, अशा माणसांनी वसविलेले हे गाव आहे. पाठ्यपुस्तकात आपण राजांच्या सनावळ्या पाठ करतो. या पटावर सोळांतील एकेकाची किंमत कळते.

आणि डाव संपला की बाजू बदलायची असते. मघाचा मोगल आता पठाण होतो, चिंचोके तेच राहतात. इतिहास वाचतानाही ही सवय लावून घेतली, तर परीक्षेपलीकडे तिचा उपयोग होईल.