कॅसिओने गिटारचं पेडल जळत नाही

बिडकीन, पाचोड, पैठण या पट्ट्यात लग्नसराईला निघालेल्या बँजो पार्टीच्या गाडीवर तीन वाद्यं बहुधा असतातच: पिकअप बसवलेला बँजो, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. बँजोवाल्याकडे बऱ्याचदा गिटारचं एखादं डिले किंवा डिस्टॉर्शन पेडलही असतं. तेच पेडल कीबोर्डला लावून बघू म्हटलं, की लगेच कुणीतरी सांगतं, "ते गिटारचं आहे. कॅसिओ लावला तर जळून जाईल." वाजवणारे हे सांगतात, साऊंडवाले सांगतात आणि विकणारेही सांगतात, याचा मला राग येतो. कारण हे चूक आहे, आणि या एका वाक्यापायी कितीतरी पोरं वर्षानुवर्षं कीबोर्डमधल्या तयार आवाजांवरच भागवतात.

आधी आकडे पाहू. बॉसच्या डीडी-७ या डिले पेडलच्या मॅन्युअलमध्ये सिग्नलची अपेक्षित पातळी उणे २० डीबीयू दिलेली आहे. म्हणजे साधारण ०.०७८ व्होल्ट. व्यावसायिक मिक्सर आणि मोठे कीबोर्ड अधिक ४ डीबीयूच्या पातळीवर चालतात, म्हणजे १.२३ व्होल्ट. फरक सोळापटीच्या आसपास आहे. घरगुती उपकरणांच्या उणे १० डीबीव्ही पातळीशी तुलना केली तर फरक चौपट उरतो.

सोळापट ऐकून छातीत धस्स होतं. पण ही सोळापट कशाची, ते बघा. सव्वा व्होल्टाची. पेडल चालतं ९ व्होल्टांवर. सव्वा व्होल्टाचा सिग्नल वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजला तरी साडेतीन व्होल्ट भरतो. शिवाय डीडी-७च्या इनपुटचा रोध दहा लाख ओहम आहे. सव्वा व्होल्टाला तिथून आत जाणारा करंट एका मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो. एवढ्याशा करंटने पेडल जळत नाही, तापतसुद्धा नाही. ऑक्टोपॅडचा जोरकस ठोका ९ व्होल्टांच्या मर्यादेला भिडला, तर सिग्नलची टोकं छाटली जातात आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज ऐकून लोक "गेलं पेडल" म्हणतात. वाद्याचा व्हॉल्यूम कमी केला की तेच पेडल पुन्हा स्वच्छ वाजतं.

कीबोर्ड बिघडेल, ही भीतीही तशीच निराधार आहे. मिक्सरचं लाइन इनपुट साधारण दहा हजार ओहमचं असतं आणि कीबोर्ड ते रोज सहज पेलतो. पेडलचा भार त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढा.

मग पेडल जळतात ती कशाने? एक तर अडॅप्टरने. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. यामाहाच्या अनेक कीबोर्डांसोबत येणारा पीए-१३० अडॅप्टर १२ व्होल्टांचा असतो आणि त्याचं मधलं टोक धन असतं. मांडवात घाईघाईने हाताला लागेल तो अडॅप्टर पेडलला लावला, पेडल गेलं, आणि त्याच वेळी कीबोर्ड जोडलेला होता म्हणून आळ कीबोर्डवर आला. दुसरं कारण अँप्लिफायरचं स्पीकर आउटपुट. १०० वॉटचा अँप्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला २८ व्होल्ट देतो. भोंग्यांच्या अँप्लिफायरवर तर ७० आणि १०० व्होल्टांच्या लाइनी असतात. ती वायर पेडलमध्ये घुसवली तर ते नक्की जळेल.

"गिटारचं ते गिटारलाच" हा हट्ट इतिहासातही टिकत नाही. जाँ-मिशेल जारने १९७६च्या 'ऑक्सिजेन'मध्ये एमिनंट ऑर्गन स्मॉल स्टोन या फेझर पेडलमधून वाजवला. स्टीव्ही वंडरच्या १९७३च्या 'हायर ग्राउंड'मधलं क्लॅव्हिनेट म्यू-ट्रॉन पेडलमधून गेलेलं आहे. उलटं उदाहरण आपल्या मुंबईतलं. रोलँडने १९८१ साली टीबी-३०३ हे यंत्र काढलं ते गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून. हिंदी चित्रपटांसाठी गिटार वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली ते वापरून रागांची अख्खी ध्वनिमुद्रिका काढली. शिकागोचं ॲसिड हाउस रेकॉर्डवर आलं १९८७च्या सुमारास, म्हणजे पाच वर्षांनंतर. पुढे त्याच ३०३ला डिस्टॉर्शन पेडल लावून वाजवणं ही त्या संगीताची ओळख झाली.

प्रत्यक्ष करायचं ते असं. कीबोर्डच्या 'एल/मोनो' जॅकमधून पेडलमध्ये या, व्हॉल्यूम पाव भागावर ठेवा आणि आवाज फाटायला लागेपर्यंत हळूहळू वाढवा. मग किंचित मागे या. छोट्या कीबोर्डला फक्त हेडफोनचा जॅक असेल तर त्यात साधी मोनो पिन खुपसू नका. तिने उजवी बाजू शॉर्ट होते, आणि कीबोर्डला धोका असलाच तर तो इथे आहे. स्टीरिओ पिनपासून दोन मोनो पिना फुटणारी केबल घ्या आणि त्यातली एकच पेडलला लावा.

काही तक्रारी मात्र खऱ्या आहेत. जुन्या धाटणीच्या फझ पेडलना पिकअपचाच सिग्नल मानवतो. कीबोर्ड लावला की ती कर्कश होतात. ट्यूब स्क्रीमरसारखी ओव्हरड्राइव्ह ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी फाडतात, त्यामुळे ऑक्टोपॅडच्या किकचा दणका त्यांत हरवतो. यावर तोड म्हणजे मिक्सरचा ऑक्स सेंड: मूळ आवाज सरळ जाऊ द्या आणि पेडलचा आवाज वेगळ्या चॅनलवर घेऊन हवा तेवढा मिसळा.

आता बाकीचे गैरसमज. 'ट्रू बायपास', म्हणजे बंद असताना सिग्नल थेट पुढे सोडणारं पेडलच चांगलं: लांब केबलवर बँजोच्या पिकअपचा तीक्ष्णपणा बफरवालं पेडल जास्त टिकवतं, आणि कीबोर्डला फरकच पडत नाही. सिग्नल पेडलजोगा करणारा महागडा रीअँप बॉक्स हवाच: नाही, बहुतेक वेळा व्हॉल्यूमचं बटण पुरतं. पेडल गुणगुणतं म्हणजे खराब: आधी एकाच अडॅप्टरवर चार पेडल लावली नाहीत ना, ते बघा.

शेवटचा गैरसमज जीवघेणा आहे. गुणगुण थांबवायला प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन मोडायची किंवा तिला चिकटपट्टी लावायची. असं कधीही करू नका. वाद्यात बिघाड झाला तर जमिनीत उतरायचा करंट बँजोच्या तारांतून वाजवणाऱ्याच्या हातात येईल. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. तरीही गुणगुण राहिली तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला, ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स पेडल आणि मिक्सरच्या मध्ये लावा. त्या बटणाने फक्त ऑडिओ केबलचं ग्राउंड तुटतं, विजेचं अर्थिंग जागच्या जागी राहतं.