बाळ दूध टाकते : काळजी केव्हा करावी, केव्हा करू नये



या पत्रिकेत आपण लागणीचे, खताचे, पाण्याचे आणि बिलाचे विषय नेहमी वाचता. आज आम्ही घरातला विषय घेतला आहे. घरात तान्हे मूल असले की पहिल्या काही महिन्यांत एक तक्रार बहुधा येतेच : "पोर दूध पितंय अन् लगेच टाकतंय." मग घरात ज्याचे त्याचे मत निघते. कोणी म्हणते आईचे दूध जड आहे, कोणी म्हणते सुनेने काहीतरी बाधक खाल्ले, कोणी दृष्ट काढायला सांगते, तर कोणी वरचे दूध चालू करा म्हणते.

या गडबडीत दोन प्रकारचे नुकसान होते. चांगल्या, वाढत्या बाळाचे आईचे दूध विनाकारण तोडले जाते. आणि ज्या एखाद्या बाळाला खरोखर तातडीने दवाखान्यात न्यायला हवे, ते 'सगळीच पोरं ओकतात' म्हणून घरी ठेवले जाते. ही दोन्ही नुकसाने टाळता येतात. त्यासाठी दूध वर का येते, हे आधी समजून घेऊ.

दूध वर का येते?

अन्ननलिका जठराला जिथे मिळते, तिथे स्नायूचे एक कडे असते. पंपाच्या फूटव्हॉल्व्हचे जे काम, तेच या कड्याचे. एकदा गेलेले परत फिरू द्यायचे नाही. फूटव्हॉल्व्ह धरत नसला की पाइपातले पाणी परत विहिरीत उतरते, हे आपल्याला सांगायला नको. तान्ह्या बाळाचे हे कडे अजून कच्चे असते, मधून मधून आपोआप सैल पडते. त्यात बाळाचे जठर लहान, अन्ननलिका आखूड, खाणे सगळे पातळ आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे पडून राहणे. मग थोडे दूध वर येणारच.

गुळणीतले दूध दह्यासारखे फुटलेले दिसले की घरची माणसे घाबरतात. पण जठरातील आम्लाने दूध फुटणे हा पचनाचाच भाग आहे. पाजल्याबरोबर वर आले तर ते दुधासारखेच दिसते, उशिरा आले तर फुटलेले आणि आंबट वासाचे असते. 'दूध नासलं' असा त्याचा अर्थ नाही. तसेच 'प्यालेलं सगळं टाकलं' असे वाटते, तेही बहुतेक वेळा खरे नसते. एक चमचा दूध दुपट्यावर सांडून पाहा, डाग केवढा मोठा दिसतो ते कळेल.

ही तक्रार शंभरातल्या चाळीसाहून अधिक बाळांना असते. बहुधा पहिल्या ८ आठवड्यांच्या आत ती सुरू होते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त दिसते. पुढे मूल बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, कडेही बळकट होते आणि सुमारे ९० टक्के मुलांत वर्षाच्या आत ती आपोआप थांबते. औषध लागत नाही.

खरा निवाडा काट्यावर

उसाचे टनेज फडाकडे बघून ठरत नाही, काट्यावर ठरते. बाळाचेही तसेच आहे. गुळण्या किती झाल्या हे मोजत बसण्यापेक्षा वजन वाढते का, ते पाहावे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन सर्वसाधारणपणे रोज २० ते ३० ग्रॅमने वाढते. पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. पहिला आठवडा संपल्यावर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, बाळ अंग धरत असेल, हसत-खेळत असेल, तर गुळणीची चिंता करू नये. दुपटी जास्त धुवावी लागतील, एवढेच.

वजनासाठी अंगणवाडी आहे. आशाताईही बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून वजन करून घ्यावे आणि कार्डावर लिहून घ्यावे. 'बाळ बरं दिसतंय' या अंदाजावर राहू नये.

जळजळ केव्हा समजावी?

काही थोड्या बाळांत आम्ल वारंवार वर येऊन अन्ननलिकेला इजा होते. असे बाळ पिता पिता रडून उठते, पाठीची कमान करते, अंगावर घ्यायला नकार देते, खोकते आणि त्याचे वजन अडते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे. नुसते रडणे म्हणजे मात्र जळजळ नव्हे. चांगली निरोगी बाळेही सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त रडतात. काही बाळांना गाईच्या दुधातील प्रथिन सोसत नाही, त्यांचीही लक्षणे अशीच असतात. शौचात रक्ताचे धागे दिसले तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

घरी काय करावे?

१. आईचे दूध चालूच ठेवावे. पहिले सहा महिने दुसरे काहीही नको, पाणीसुद्धा नको.
२. एकदम पोट तट्ट होईपर्यंत न पाजता थोडे थोडे, पण जास्त वेळा पाजावे. बाळाच्या तोंडात नुसते बोंड न देता भोवतालचा काळा भागही जाईल असे धरावे, म्हणजे वारा कमी गिळला जातो.
३. पाजताना मध्ये आणि शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. नंतर २० ते ३० मिनिटे उभे धरावे. हे काम आजोबांनाही जमते, बाळंतिणीला तेवढीच उसंत.
४. तेल लावणे आणि अंघोळ आधी, दूध नंतर. भरल्या पोटी चोळले, हलवले की दूध वर येणारच. लंगोट आणि दुपटे पोटावर आवळू नये.
५. वरचे दूध द्यावेच लागत असेल तर कोणते आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवावे. पावडरीच्या डब्यावरील प्रमाण स्वतःहून कमी-जास्त करू नये. पाजायला बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा.
६. बाळाला पाठीवर, सपाट अंथरुणावर झोपवावे. उताणे झोपवले तर दूध श्वासात जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे वर आलेले दूध सहजी तिच्यात शिरत नाही. पालथे झोपवले की ही मांडणी उलटी होते. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. डोक्याखाली उशी देऊ नये. पाजल्याबरोबर झोळीत घालणेही टाळावे. झोळीत बाळ दुमडते, पोट दाबले जाते आणि हनुवटी छातीला टेकते.

काय करू नये?

बाळगुटी, ग्राइप वॉटर आणि मधाचे बोट यांनी गुळणी थांबत नाही. मधातून येणाऱ्या जंतूंमुळे बाळाच्या अंगातली शक्ती जाण्याचा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध देऊच नये. साखरपाणीही नको, मग साखर आपल्याच कारखान्याची का असेना! थोरल्या भावंडाची उरलेली ओकारीची बाटली धाकट्याला पाजू नये. आम्ल कमी करणारे औषध आम्लच कमी करते, दूध वर येणे थांबवत नाही. ते डॉक्टरांनी सांगितले तरच द्यावे. आणि बाळंतिणीचे जेवण तोडू नये. बाळ दूध टाकते म्हणून तिला बोल लावण्यात काहीच अर्थ नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

* ओकारी हिरवी असणे. आतड्याला पीळ पडल्याची ही खूण असू शकते. यात तास-तास मोलाचा असतो. सकाळची वाट पाहू नये.
* दोन ते आठ आठवड्यांच्या बाळाची ओकारी जोराने लांब उडणे, आणि ओकल्यावर बाळ लगेच भुकेले होणे. जठराचे पुढचे तोंड जाड होऊन दूध अडल्याने असे होते. मुलग्यांत हे जास्त आढळते. लहानशा शस्त्रक्रियेने ते पूर्ण बरे होते.
* ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काळसर काही दिसणे.
* पोट फुगून कडक होणे, टाळू खोल जाणे किंवा उचलून येणे.
* ताप, सुस्ती, दूध न ओढणे, लघवी कमी होणे, श्वास अडखळणे किंवा ओठ निळे पडणे.
* वजन न वाढणे, किंवा सहा महिन्यांनंतर ओकाऱ्या नव्याने सुरू होणे.

यातील वजनाची तक्रार एक-दोन दिवसांत दाखवावी. बाकीच्या खुणांना त्याच वेळी निघावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळावर वर्षापर्यंत सरकारी दवाखान्यात मोफत उपचार होतात, खर्चाच्या भीतीने अडू नये.

शेवटी एक विनंती. गळीत हंगामात आपल्या फडात तोडीला येणाऱ्या टोळ्यांबरोबरही तान्ही बाळे असतात. त्यांच्या आया पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन निघतात. गावची अंगणवाडी कुठे, आशाताई कोण, दवाखाना किती लांब, हे त्यांना ठाऊक नसते. टोळी फडात उतरली की पहिल्याच दिवशी ही माहिती मुकादमाला आणि बायामाणसांना द्यावी. एखाद्या कोपीतले बाळ हिरवे ओकते असे कळले, तर हातातले काम टाकून गाडी काढावी. ऊस एक दिवस उशिरा गेला तर वजनात थोडी घट येईल, ती पुढच्या वर्षी भरून काढता येते. बाळाच्या बाबतीत तसे नसते.