गिझर तापतोय, तरी शॉवरचं पाणी कोमटच? मग भिंतीतला डायव्हर्टर तपासा

खानदेशचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं, की थंड पाण्याचा नळ सोडला तरी हात मागे घ्यावा लागतो. गिझरची गरजच उरत नाही. पण खानदेशची थंडीही काही कमी नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि कित्येक महिने बंद पडून असलेला गिझर पुन्हा चालू होतो.

इथूनच तक्रार सुरू होते. गिझरचा दिवा लागतो, थोड्या वेळाने बंद होतो, म्हणजे पाणी तापलेलं असतं. पण शॉवरखाली उभं राहिलं की पाणी कोमट. नाहीतर बादलीचा नळ सोडला, तरी वरून शॉवरची धार सुरूच.

मग पहिला संशय गिझरवर. "कॉइल गेली असेल भो", "जुना झाला, नवा घेऊन टाक". कॉइल बदलली जाते, कधीकधी अख्खा गिझर बदलला जातो. पाणी मात्र कोमटच राहतं. कारण अशा वेळी दोष गिझरमध्ये नसून भिंतीत बसवलेल्या डायव्हर्टरमध्येही असू शकतो.

डायव्हर्टर म्हणजे काय?

बाथरूमच्या भिंतीवर एक दांडी असते. डावीकडे-उजवीकडे फिरवली की गरम-थंड पाणी कमी-जास्त होतं आणि सोबतचं बटण ओढलं किंवा दाबलं की पाणी नळाऐवजी शॉवरला जातं. या दांडीमागे भिंतीत पितळेची बॉडी असते. तिच्यात एक पाइप गरम पाण्याचा येतो, एक थंड पाण्याचा. बाहेर जाणारे रस्तेही दोन, एक नळाचा आणि एक शॉवरचा. कुठलं पाणी किती घ्यायचं आणि कुठे पाठवायचं, हे आतले भाग ठरवतात.

यातला मुख्य भाग म्हणजे कार्ट्रिज. त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि रबराच्या रिंगा पाणी अडवून धरतात. चकती अडकली किंवा रबर कडक झालं की पाणी नको तिकडे जायला लागतं.

युरोपातही असाच प्रकार आहे. ब्रिटनमधल्या बऱ्याच घरांत कॉम्बी बॉयलर असतो. खोल्या गरम ठेवणं आणि नळाला गरम पाणी देणं, ही दोन्ही कामं एकच यंत्र करतं. पाणी कुठे वळवायचं हे ठरवणाऱ्या झडपेला तिथेही डायव्हर्टरच म्हणतात आणि ती अडकली की तिथेही नळाला कोमट पाणी येतं. फरक एवढाच, की तिथे गॅसचा संबंध येतो, त्यामुळे नोंदणीकृत तंत्रज्ञाशिवाय कुणी हात लावायचा नसतो.

खानदेशात हा त्रास का होतो?

पहिलं कारण जड पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून अनेक घरांत टाकी बोअरच्या पाण्याने भरली जाते. जमिनीत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि दुसरी सोयच नसेल, तर ६०० पर्यंत. बोअरचं पाणी याहून जड असू शकतं. असं पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट वेगळं होऊन पांढरा थर धरतं. बादलीवर आणि नळाच्या जाळीवर दिसतो तोच थर कार्ट्रिजमध्येही बसतो.

दुसरं कारण म्हणजे दांडी महिनोन्‌महिने गरमकडे फिरतच नाही. आतला क्षार एकाच जागी घट्ट होतो. थंडीत जोर लावून ती फिरवली की चकतीला चरे पडतात किंवा रबर फाटतं.

तिसरं कारण दाबातला फरक. गच्चीवर सोलर वॉटर हीटर आणि थंड पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप, अशी रचना असली की थंड पाण्याचा दाब जास्त होतो. डायव्हर्टर आतून गळत असेल, तर हे थंड पाणी गरम पाण्याच्या लाइनमध्ये घुसतं आणि थेट सोलरच्या टाकीपर्यंत चढतं. दिवसभर कडक ऊन पडूनही संध्याकाळी पाणी कोमट मिळण्यामागे हेही कारण असू शकतं.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

यासाठी पैसे लागत नाहीत. आधी गिझरचा एमसीबी बंद करा. मग गिझरला थंड पाणी देणारा अँगल कॉक बंद करा. सोलर असेल, तर त्याच्या गरम पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. घरातले बाकी सगळे नळ बंद आहेत ना, ते पाहा आणि बेसिनचा फक्त गरम पाण्याचा नळ उघडा.

पाइपमधलं उरलेलं पाणी थोडा वेळ येईल आणि धार थांबेल. ती थांबलीच नाही, तर थंड पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून किंवा डायव्हर्टरमधून गरम लाइनमध्ये येतंय, हे नक्की. धार थांबली, तर थर्मोस्टॅट आणि कॉइलकडे वळा.

दुरुस्ती कशी होते?

१. एमसीबी बंदच ठेवा. टाकीकडून येणारा मुख्य व्हॉल्व्ह आणि गरम लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा, पाइप रिकामे होऊ द्या. आतलं पाणी गरम असू शकतं, म्हणून आधी निवू द्या.

२. दांडीखालचा छोटा स्क्रू एलन कीने काढा. दांडी, मग भिंतीवरची प्लेट काढा. आतला नट पान्याने सैल करून कार्ट्रिज सरळ बाहेर ओढा. ते कसं बसलं होतं, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

३. फक्त क्षार असेल, तर कार्ट्रिज व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवून मऊ ब्रशने घासा. फरशी धुण्याचं ॲसिड वापरू नका, त्याने पितळ आणि क्रोम खराब होतात.

४. चकतीला चरे असतील किंवा रबर कडक झालं असेल, तर नवं कार्ट्रिज घ्या. जुनं दुकानात सोबत न्या, कारण मापात थोडा फरक असला तरी ते बसत नाही. रबराला तेल लावू नका, सिलिकॉन ग्रीस लावा.

५. सगळं जोडल्यावर आधी पाणी सोडा. गरम नळातून सलग धार आली, म्हणजे गिझर भरला. त्यानंतरच एमसीबी चालू करा. रिकामा गिझर चालू केला तर कॉइल जळते.

कार्ट्रिज साधारण काही शे रुपयांत मिळतं. नव्या गिझरला काही हजार लागतात.

इथे मात्र स्वतः हात घालू नका

भिंतीला ओल येत असेल, पितळी बॉडीलाच तडा असेल किंवा नट जोर लावूनही हलत नसेल, तर प्लंबर बोलवा. जास्त जोर लावला तर भिंतीतला पाइप तुटतो आणि टाइल्स फोडाव्या लागतात. नळाला हात लावल्यावर शॉक बसत असेल, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

बिघडलेला डायव्हर्टर फक्त गैरसोयीचा नाही, धोक्याचाही आहे. अडकलेली दांडी अचानक सुटली की अंगावर एकदम कढत पाणी येतं. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजू शकतं, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर त्याहून लवकर. म्हणून आंघोळीआधी पाणी हातावर घेऊन पाहा आणि गिझर सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवू नका. पाणी जितकं जास्त तापतं, तितका क्षारही लवकर जमतो.

आणखी एक सोपी सवय लावा. उन्हाळ्यात गिझर बंद असला, तरी महिन्यातून एकदा दांडी पूर्ण गरमकडे, पूर्ण थंडकडे आणि शॉवरचं बटण दोन-चार वेळा फिरवा. मिनिटभराचं काम आहे, पण क्षाराला एका जागी घट्ट बसायला वेळ मिळत नाही.